घरमालकिणीची भीती

माकणीच्या धरणाकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. तिथल्या शाळेत मी अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवलं. एवढ्या वर्षांत एकाही इंग्रज माणसाशी बोलायची वेळ माझ्यावर आली नाही, आणि त्यामुळंच माझं इंग्रजी चांगलं आहे असं गावात सगळ्यांचं मत होतं. माझंही होतं.

शेजारच्या घरातली मुलगी माझी विद्यार्थिनी. नर्सिंग करून ती इंग्लंडमधल्या एका लहानशा गावात नोकरीला लागली, तेव्हा तिच्या घरच्यांच्या आधी मी पेढे वाटले. पेढ्याबरोबर 'पाया पक्का होता हो' हे वाक्यही वाटलं. खरं तर पोरीनं लातूरला क्लास लावून, मोबाइलवर ऐकून ऐकून इंग्रजी सुधारलं होतं. माझ्याकडून तिनं फार तर कर्मणी प्रयोग नेला असेल.

रोज संध्याकाळी तिचा घरी व्हिडिओ कॉल यायचा. गेल्या श्रावणात एकदा सलग तीन दिवस आला नाही. इकडून लावला तर बंद. तिसऱ्या दिवशी दुपारी तिचे आईवडील आमच्या ओसरीवर आले. वडील मोजकं बोलणारे, ते खांबाला टेकून बसले. आईला मी वहिनी म्हणतो. त्यांनी वहीचा एक कागद पुढं केला. ती ज्या बाईंच्या घरात भाड्यानं राहते त्यांचा नंबर त्यावर होता, अडीअडचणीसाठी तिनंच जाताना लिहून दिलेला.

"सर, तुमीच बोला. आमाला त्यांचं काय कळनार?" वहिनी म्हणाल्या.

मी घड्याळ बघितलं आणि तिकडं आत्ता सकाळचे नऊ वाजले असतील, फोन करायला हरकत नाही, असं सांगितलं. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालेली तेवढी एकच गोष्ट बरोबर होती. मग आत जाऊन बनियनवर शर्ट चढवला. नुसत्या आवाजाच्या फोनला शर्ट कशाला, असं बायकोनं विचारलं. मी वरचं बटणही लावलं.

फोन एका म्हाताऱ्या बाईनं उचलला. मी कोण, कुठून बोलतोय, ही दोन वाक्यं मी पाठ केल्यासारखी म्हणालो आणि ती उत्तम झाली. वहिनींनी कौतुकानं माझ्याकडं बघितलं. मग बाई बोलायला लागल्या. मी आयुष्यभर शिकवलेलं इंग्रजी छापील होतं, त्यात दोन शब्दांमध्ये जागा असायची. बाईंच्या बोलण्यात ती जागाच नव्हती. त्या लोंढ्यातून हाताला लागला तो शब्द मी घट्ट पकडला. 'आय अ‍ॅम अफ्रेड.' त्या दोनदा म्हणाल्या. अफ्रेड म्हणजे भ्यालेला, हे मी फळ्यावर सापाचं चित्र काढून शिकवलेलं होतं.

फोनवर हात ठेवून मी सांगितलं, "बाईंना भीती वाटतीय."

"कशाची?" वहिनींचा चेहरा उतरला.

"ती घरी नाही. रविवारपर्यंत येणार नाही, अशी भीती आहे त्यांना."

पुढचं वाक्य मला अगदी स्पष्ट ऐकू आलं. 'आय विश शी हॅड टोल्ड यू.' विश म्हणजे इच्छा. मी लगेच मराठी केलं, की तिनं तुम्हाला सांगावं अशी बाईंची इच्छा आहे.

"काय सांगावं?"

ते मलाही कळलं नव्हतं. मग खांबाजवळून वडील पहिल्यांदाच बोलले. "लगीन केलं का काय, इचारा."

मी विचारलं. मग बाई जे म्हणाल्या त्यातले 'शुअर' आणि 'टोल्ड मी' हे शब्द मला ठसठशीत ऐकू आले. मधलं काहीतरी निसटलं. पण एवढे दोन शब्द हाती आल्यावर मास्तराला मधल्याची काय गरज? मी सांगून टाकलं, "त्यांना खात्री आहे. तिनं त्यांना सांगितलंय."

वडील उठले, चप्पल पायात घातली आणि सोयाबीनकडं चालू लागले. वहिनी तिथंच डोक्याला हात लावून बसल्या आणि येरमाळ्याच्या येडाईदेवीला ओटीचा नवस बोलल्या. मला काहीतरी धीर द्यायला हवा असं वाटलं. म्हणून मी म्हणालो, मुलगा चांगलाच असणार, बहुतेक डॉक्टर असेल. माझ्या बायकोनं माझ्याकडं ज्या नजरेनं बघितलं तिचं भाषांतर मला बरोबर जमलं.

रविवारी संध्याकाळी मुलीचा फोन आला. मी त्यांच्याच घरी होतो. वहिनींनी कशी आहेस वगैरे काही विचारलं नाही. नवरा कोण आहे ते आधी सांग, म्हणाल्या. पोरीला काही कळेना. दवाखान्यातल्या मैत्रिणींबरोबर ती डोंगरात फिरायला गेली होती आणि पहिल्याच दिवशी फोन ओढ्यात पडला. घरचा एकही नंबर तिला पाठ नव्हता. घरमालकिणीचा नंबर एका मैत्रिणीकडं होता, तिच्या फोनवरून त्यांना तेवढं कळवलं होतं. लग्नाचं कुणी सांगितलं, असं तिनं विचारलं तेव्हा वहिनींनी मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला.

बाईंची हाती लागलेली वाक्यं मी तिला जशीच्या तशी म्हणून दाखवली. ती हसली नाही. तिनं मला सावकाश समजावलं. "सर, तो अफ्रेड भीतीचा नसतो. ऐकणाऱ्याला आवडणार नाही असं काही सांगायचं असलं की ते लोक आधी तसं म्हणतात. आपण नाही का म्हणत, माफ करा पण, तसं." दुकानात दूध संपलं तरी दुकानदार अफ्रेड असतो म्हणे. विशचं म्हणजे, तिनं तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, राहून गेलं, अशी हळहळ. आणि शेवटी बाई म्हणाल्या असणार, की लग्न केलं असतं तर तिनं मला नक्कीच सांगितलं असतं.

"आणि ते शुअर?" मी विचारलं. तेवढं तरी माझ्या पदरात पडावं.

"आमच्या घरमालकीण आजी रोजच शुअर असतात, सर. पोरगा फोन करील, पोस्टमन येईल. ज्यातलं काही ठाऊक नसतं त्याची त्यांना जास्त खात्री असते."

जर-तरची ती वाक्यं मी तिच्या वर्गाला पंधरा दिवस घोकून घेतली होती, ती पहिल्या बाकावर असायची. तिनं त्याचा विषय काढला नाही. बहुतेक ही रीतही ती तिकडंच शिकली असावी.

लग्न झालं नव्हतं, तरी बोललेली ओटी भरायलाच हवी होती. पुढच्या मंगळवारी वहिनी, माझी बायको आणि मी एसटीनं येरमाळ्याला निघालो. प्रायश्चित्त म्हणून पिशव्या माझ्याकडं होत्या. धाराशिव सोडल्यावर बायकोला डुलकी लागली. वहिनी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "सर, ती कायमची परत येईल का हो कवा?"

येणारच, हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. माझ्या विद्यार्थ्यांबद्दल असे शब्द मी आयुष्यभर पालकांना वाटले आहेत. हा पास होणारच, तो नाव काढणारच. त्यातल्या निम्म्यांचं पुढं काय झालं ते मला माहीतही नाही.

"मला नाही सांगता येणार, वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "मला बी न्हाय वाटत ती येईल," त्या म्हणाल्या. "पर तिकडं बरी हाय म्हनं." मग त्यांनी पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढून माझ्या ओंजळीत टाकल्या, आणि टरफलं बसमध्ये सांडू नका, असं बजावलं.