कुंपणावरचा लाल रंग

एका चांगल्या चित्रातला लाल रंग मी झाकायला लावला.

चित्र होतं कुंभार पिंपळगावच्या एका पेंटरचं. तो दुकानांच्या पाट्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवायचा. कोणी काही सुचवलं की ब्रश कानावर अडकवून म्हणायचा, "बिलकुल बराबर." गिऱ्हाइकाने वाघाला पीळदार मिशा मागितल्या तरी बराबरच.

स्वतःसाठी त्याने एकच चित्र काढलं होतं. कापसाचं रान, विहीर, काटेरी कुंपण आणि कुंपणावर बोटभर लाल रंग. मी शाळेत चित्रकलेत कायम नापास, त्यामुळे चित्रं समजावून सांगायची मला फार हौस. "या लाल रंगाने सगळी शांतता मोडतेय," मी म्हणालो. त्याने त्या लाल रंगावरून एकदा बोट फिरवलं. मग "बराबर" म्हणाला आणि तिथे हिरवं झुडूप काढलं.

पुढच्या वर्षी त्याची बायको वारली. मी भेटायला गेलो, तर तो भिंतीवरच्या त्या चित्रापाशी उभा राहून ब्लेडने ते झुडूप खरवडत होता. हिरव्याबरोबर खालचा लालही निघून येत होता.

"तिचं लुगडं वाळू घातल्तं तिथं," तो म्हणाला. "फोटोला लाजायची. म्हणली, मला नका रंगवू, माझं लुगडं रंगवा."

"अहो, मग मला सांगायचं तरी!"

त्याची मुलगी चहा घेऊन आली होती. "काका, चहा घ्या," ती म्हणाली, "पण चित्राकडं पाहून आता काही बोलू नका. बाबा अजून तुमचं ऐकतेत."