नाना नसलेले फोटो

शिंदखेड्यातल्या आमच्या गल्लीतले नाना तिकडचा अख्खा उन्हाळा मुलाकडे, टोरांटोत राहून आले. तेव्हापासून रोज संध्याकाळी ओट्यावर बसायचं, खांद्यावरच्या रुमालाने मोबाइलची काच पुसायची आणि आम्हाला फोटो दाखवायचे. नायगाराचा धबधबा, रस्त्यातली मिरवणूक, तळ्याकाठची जत्रा. "आपली जत्राच, फक्त धूळ नही," असं सांगायचे.

काल मी सगळ्यांदेखत विचारलं, "नाना, एकाही फोटोत तुम्ही कसे नाही?"

नाना काच पुसतच राहिले. मग म्हणाले, "नातू धाकला शे. त्याना संगे घर कोनी ऱ्हावाले पाहिजे ना. पोऱ्या-सून फिराले जायेत, तठून फोटो धाडेत."

आज ओट्यावर नाना मोबाइल न काढता नुसते बसले होते. मी मान खाली घालून निघालो, तर त्यांनीच सरकून मला जागा केली.