अर्थिंगला पाणी

आई गेल्यावर बाबांनी मीटरजवळचं किटकॅट, म्हणजे फ्यूजची चिनीमातीची पट्टी, उपसून शर्टाच्या खिशात ठेवलं. तेव्हापासून आमच्या घरात लाईट नव्हती.

आई पावसाळ्यात गेली. मागच्या टिनाच्या शेडला कपडे वाळत घालायची लोखंडी तार बांधलेली होती आणि त्याच टिनावरून गोठ्यातल्या बल्बची वायर गेलेली. वायर कुठंतरी सोलली होती. आईनं ओलं लुगडं तारेवर टाकलं. शेजारच्या काकूंनी मुसळानं तार पाडली, पण तोवर उशीर झाला होता. मी तेव्हा बुलढाण्याला, होस्टेलवर होते. हे सगळं मला काकूंनीच सांगितलं, पुष्कळदा, आणि दर वेळी त्याच शब्दांत. मी ऐकून घेत असे. रडू येत नव्हतं. का येत नाही, हेही कळत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आले तेव्हा कापसाच्या वेचणीहून येताना काकूंनी मला वाटेतच गाठलं.

"तू गेली का हा माणूस अंधारात बसून राह्यते. मागं उंबऱ्यात ठेचकाळून पडला. मी म्हनलं, भाऊ, निदान बॅटरी तं लावा. तं म्हने, मले सगळं दिसते."

लाईट आली नाही तर कॉलेजला परत जायचं नाही, असं मी ठरवलं होतं. बाबांना सांगितलं नव्हतं. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे मधेच सोडलं तर पुढं काय होतं, हे विचारायलाही घरात कोणी नव्हतं.

गावात आमची एक सहकारी संस्था आहे. मीटरपर्यंतचं काम वीज कंपनीचं. मीटरच्या पुढचं, घरातलं आणि विहिरीवरचं, संस्था बघते. सभासदाच्या घरी संस्थेचा वायरमन येतो, वायरिंग तपासतो, अर्थिंग करून देतो. आईनंतर संस्थेनं ठरवलं की सगळ्या सभासदांच्या कपड्यांच्या तारा काढून नायलॉनची दोरी बांधायची. त्यासाठी मारुतीच्या पारावर सभा झाली. बाबा आले नाहीत. मी गेले आणि मागं बसले.

वायरमनभाऊ उभे राहून सांगत होते, "वल्या हातानं बटन दाबू नका."

"मंग आम्ही कवा दाबाव?" एक बाई म्हणाली. "आमचा हात वाळते कवा?"

सगळे हसले. भाऊही हसले. मग म्हणाले, "कोनाले करंट लागला तं त्याले हात लावू नका. पयले मेन बंद करा. नाई जमलं तं कोरड्या लाकडानं तार बाजूले करा." तेव्हा पारावरच्या सगळ्यांनी काकूंकडं पाहिलं. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मग काही जण माझ्याकडं वळले. मी समोरच्या घंटेकडं पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी वायरमनभाऊ आमच्या घरी आले. बाबा ओट्यावर बसले होते.

"आमाले लाईट लागत नाई," बाबा म्हणाले.

"नका लावू. अर्थिंग तं करून घ्या. खड्डा खांदू द्या."

भाऊंनी सब्बल, म्हणजे पहार, घेतली आणि मोरीजवळ खणू लागले. बाबा थोडा वेळ पाहत राहिले. मग उठले. "असं खांदतात काय बे? सरका." पुढचा सगळा खड्डा बाबांनीच खणला. भाऊंनी तार जोडलेला पाइप त्यात उभा केला, कोळसा आणि मीठ मी टाकलं. भाऊंनी पाणी ओतलं आणि म्हणाले, "याले पानी देत जा. उन्हाळ्यात तं चुकूच नका. माती कोरडी पडली का अर्थिंग काम करत नाई."

मग त्यांनी गोठ्याकडची सोललेली वायर काढून टाकली आणि मीटरच्या पुढं एक छोटा डबा बसवला. करंट कुठं उतरला तर याचा खटका आपोआप पडतो आणि घरातली लाईट बंद होते, असं सांगितलं. त्यावर तपासायचं एक बटण होतं. बाबांनी ते दाबलं. काहीच झालं नाही.

"करंट असल्याबिगर तो पडनार नाई," वायरमनभाऊ म्हणाले. "पाहाचं असन तं किटकॅट द्या."

बाबांचा हात खिशावर गेला आणि तिथंच राहिला. मी दारात उभी होते. मग त्यांनी किटकॅट काढून भाऊंच्या हातात दिलं.

भाऊंनी ते बसवलं. बाबांनी बटण दाबलं. खट् करून खटका पडला. भाऊंनी तो वर केला. बाबांनी परत दाबलं. खट्.

"हे तवा असतं तं?" बाबांनी विचारलं.

भाऊ खाली पाहत होते. "असतं तं पडलं असतं," ते म्हणाले.

बाबांनी मान हलवली. आणखी एकदा बटण दाबलं. मग खटका स्वतःच्या हातानं वर केला आणि तसाच ठेवला. किटकॅट परत मागितलं नाही.

घरातला बल्ब लागला तेव्हा दुपार होती. तो लागलाय हे नीट दिसतही नव्हतं. मोताळ्याच्या बाजारातून आणलेली दोरी बाबांनी जमिनीत पुरलेल्या दोन लाकडी बल्ल्यांना बांधली, शेडपासून लांब. मी माझी ओढणी धुऊन त्यावर टाकली. मला काही वाटलं नाही. संध्याकाळी मी बॅग भरली.

आता बाबा रोज सकाळी आंघोळ झाली की अर्थिंगच्या खड्ड्यात तांब्याभर पाणी ओततात. काकू त्यांना हसतात: "भाऊ, कोंब फुटला का नाई अजून?" हे मला बाबांनीच फोनवर सांगितलं. ते फोनवर फार बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र थांबून त्यांनी विचारलं, "तुह्या होस्टेलातल्या अर्थिंगले पानी कोन टाकते?"

"माहीत नाही, बाबा."

"मंग इचार ना."

मी रेक्टर मॅडमना विचारलं. त्यांनाही माहीत नव्हतं. इमारतीच्या मागं, भिंतीला लागून, मला अर्थिंगच्या खड्ड्याचं झाकण सापडलं. आतली माती भेगाळली होती. मी पाण्याची बाटली ओतली. पाणी लगेच आत गेलं. अजून एक बाटली भरून आणली. मग बाबांना फोन लावला आणि टाकलं म्हणून सांगितलं.

"हाव," ते म्हणाले. "उद्या बी टाक."