उसन्या खुर्च्यांची अदलाबदल

माझी धाकटी जाऊ एकतीस वर्षं आमच्या चर्चची झाडलोट करते आहे. कमरेला सतरा चाव्या, आणि कुठली कुठल्या कपाटाची ते डोळे मिटून सांगेल. कुणाची छत्री कुठल्या बाकाखाली राहिली, कुणाचं नातवंड उपदेश सुरू झाला की पेंगतं, सगळं तोंडपाठ. अशा बाईला दर नाताळात खुर्च्या तेवढ्या लक्षात राहत नाहीत, हे मला काही केल्या पटेना.

खुर्च्यांचं असं आहे. नाताळाच्या आदल्या दुपारी आमची मंडळी एकट्यादुकट्यांना हॉलमध्ये जेवायला बोलावते. खुर्च्या कमी पडतात, म्हणून जाऊ आठवडाभर आधी दारोदार मागत फिरते. तेही जिथे एकच माणूस राहतं तिथेच. भरल्या घरांत खुर्च्यांचा ढीग, पण तिकडे ही फिरकत नाही. नुसतं जेवायला या म्हटलं की माणसं आढेवेढे घेतात. खुर्ची मागितली की त्यांना वाटतं, चर्चचं आपल्यावाचून अडलंय. मग खुर्चीमागोमाग माणूसही येतं.

नाताळ झाला की हातगाडीवरून खुर्च्या परत, आणि हमखास चुकीच्या घरी. मास्तरांची घडीची खुर्ची घड्याळजींकडे, घड्याळजींची नर्सबाईंकडे. मग आठवडाभर ही माणसं एकमेकांची दारं वाजवत आपली खुर्ची शोधतात आणि जावेच्या नावानं बोटं मोडतात. मला तिची कीव आली. एका वर्षी मी प्रत्येक खुर्चीच्या पायाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधून ठेवला. संध्याकाळी बघते तर सगळे दोरे हिच्या सुपलीत.

हे काय, म्हणून विचारलं तर म्हणाली, “बाई, तुम्ही फार हुशार आहात. जरा कमी राहा.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मास्तर आणि घड्याळजी रोज पत्ते खेळायला बसतात, ते का, तेही कळलं.

यंदा लिफ्टवाल्यांची पाळी आली. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करून लोकांना वरखाली नेलं, आणि बायको गेल्यापासून नऊ महिने स्वतः जिना उतरले नाहीत. चर्चची पंच मंडळी चहा-साखर आणि घोंगडी घेऊन गेली, तर त्यांनी दाराची साखळीसुद्धा काढली नाही. माझं काही अडलेलं नाही म्हणाले आणि पिशवी परत केली. पंचांना राग आला. यादीतून नाव काढा, परत कुणी जायचं नाही, असं ठरत होतं. जाऊ म्हणाली, आधी मी खुर्ची मागून बघते.

चार मजले चढलो. मी कशाला गेले म्हणाल, तर मला राहवलं नाही. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, आत गेले, गादी घातलेली एक बुटकी खुर्ची बाहेर ढकलली आणि दार लावलं. जेवायला मात्र आले नाहीत. खुर्ची रिकामीच राहिली.

नाताळाच्या दुसऱ्या दिवशी जावेनं ती एकट्याच राहणाऱ्या शिलाईवालीकडे धाडली आणि लिफ्टवाल्यांकडे नर्सबाईंची वेताची. मी म्हटलं, हा माणूस तसला नाही, जपून. ऐकेल तर ती माझी जाऊ कसली.

पुढच्या सकाळी आम्ही हॉल झाडत होतो, तोच लिफ्टवाले दारात. पायात घरातल्या चपला, दाढी वाढलेली, खांद्यावर वेताची खुर्ची. ओरडले नाहीत.

“ही तिची नाही,” म्हणाले. “ती बसायची ती कुठे आहे?”

जावेचा झाडू थांबला. खुर्ची बायकोची होती हे तिला कुठे ठाऊक होतं! समोर दिसली की बघवत नव्हती म्हणून त्यांनी दिली होती, आणि खुर्ची गेल्यावर घर आणखीच खायला उठलं होतं. चुकून झालं म्हणायची तिला एकतीस वर्षांची सवय. पण तसं ती म्हणाली नाही.

“चुकून नाही. मुद्दाम धाडली. शोधायला तरी बाहेर पडाल म्हणून.”

मला वाटलं, संपलं. आता हे दार कायमचं लागणार. त्यांनी वेताची खुर्ची खाली टेकवली. मग विचारलं, “कुठे?”

आम्ही तिघं शिलाईवालीच्या दुकानात गेलो. तिथे ती खुर्चीची गादी मांडीवर घेऊन बसली होती. शिवण उसवलेली दिसली म्हणून शिवायला घेतली होती. लिफ्टवाले बघतच राहिले. बायको दोन वर्षं म्हणत होती, शिवायची आहे, शिवायची आहे.

“चार बोटं शिवण राहिलीय,” शिलाईवाली मान वर न करता म्हणाली. “बसा की.”

बसायला तीच खुर्ची होती. ते बसले. आपण हिच्यावर कधी बसलोच नव्हतो म्हणाले, आणि मग बोलायला लागले. बायको सुईत दोरा ओवताना कशा शिव्या घालायची तेही सांगितलं. शिलाईवाली हसून हसून टाका चुकली. जाऊ मला चिमटे काढत होती, चला म्हणून. मी कसली हलते!

तासाभरानं खुर्ची खांद्यावर घेऊन ते निघाले. जावेपाशी थांबले.

“पुढच्या वर्षी ही मिळायची नाही. माझी न्या.”

“ती पण चुकेल हं,” जाऊ म्हणाली.

त्यांनी जरा विचार केला.

“चुकू दे.”