वाकलेला गरा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर मुळीच नाही. ज्याच्याबद्दल हे आहे तो माणूस तिला ताई म्हणतो, दर दिवाळीला आमच्याकडे येऊन चकल्या मोडत बसतो आणि तिच्या गुडघ्यांची नि स्वतःच्या गुडघ्यांची तुलना करतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित सांगता येईल. येईल ना? अवघड गोष्टीच्या आधी सोप्या गोष्टी सांगत बसायची मला वाईट खोड आहे. तेवढी सोसा.

सोपी गोष्ट ही, की रामनगरला बेळगाव-गोवा रस्त्यावर दस्तगीरमामाचं टायरचं दुकान होतं. माझे वडील ट्रक चालवायचे आणि घाट उतरण्याआधी त्याच्याकडूनच टायर तपासून घ्यायचे. त्यातून दोस्ती झाली, दोस्तीतून आई त्याची ताई झाली आणि तो माझा मामा. मी धारवाडला फूड टेक्नॉलॉजी शिकायला गेले तेव्हा बसस्टँडवर सोडायला वडील आणि मामा दोघंही आले होते. मामाच कंडक्टरला बजावत होता, की पोरगीला खिडकीजवळ बसव.

शिकून परत आले ती एक खूळ डोक्यात घेऊन. आमच्याकडे फणस किती होतो हे तुम्हाला सांगून पटणार नाही. नंदिगड्ड्यापासून कॅसलरॉकपर्यंत झाडाखाली पडून सडतो, गुरंसुद्धा कंटाळतात. तोच सुकवून, पाकिटात घालून गोव्याला विकायचा. शेड मिळाली, लाकडावर आणि विजेवर चालणारा ड्रायर कुठला घ्यायचा तेही ठरलं. पैसा नव्हता. बँकेत गेले तर तारण मागितलं, आणि आमच्याकडे तारण म्हणून काय होतं? वडिलांचा ट्रक, तोही टेकीला आलेला.

तेव्हा मामाचे गुडघे गेले होते. टायरपाशी उकिडवं बसता येईना म्हणून त्याने दुकान विकलं. आलेला पैसा बँकेत नुसता पडून होता, कारण व्याज त्याला चालत नाही. मॅनेजर त्याला मुदत ठेवीचं समजावून दमला. मामाचं म्हणणं एवढंच, की पैसा झोपून वाढला तर तो कुणाच्या तरी पाठीवर बसून वाढतो. एक दिवस तो आमच्या घरी आला, चहा प्यायला आणि वडिलांसमोर मला म्हणाला, “पैसा माझा, राबणं तुझं. फायदा झाला तर निम्मानिम्म. बुडलं तर पैसा माझा गेला, मेहनत तुझी गेली. तुझ्याकडं मी मागायला येणार न्हाई.” मग थोडं थांबून, “पण हयगय केलीस तर मातर ते तुझ्या अंगावर. तेवढं कबूल हाय काय?”

मी हसत हसत व्हय म्हटलं. हयगय आणि मी? शाळेत माझ्या वह्यांना कव्हरं असायची!

या रीतीला मुदारबा म्हणतात, हे त्याने मौलवीसाहेबांना विचारून घेतलं होतं. मी नंतर त्यावर बरंच वाचलं. पैसेवाला जोखीम घेतो, राबणारा राबतो, नफ्याचा वाटा आधी ठरतो, पण नफा किती होईल ते कुणीच कबूल करायचं नाही. आणि तोटा पैसेवाल्याचा. अपवाद एकच, राबणाऱ्याने निष्काळजीपणा केला किंवा फसवलं तर. सगळा डोलारा राबणाऱ्याच्या खरं बोलण्यावर उभा. वाचताना मला ते फार सुंदर वाटलं होतं, आणि थोडं भाबडंही. भाबडं वाटलं हे आज लिहिताना लाज वाटते.

पहिला हंगाम बरा गेला. मामा रोज संध्याकाळी शेडवर यायचा, रिकाम्या क्रेटवर बसायचा आणि एक गरा उचलून मोडून बघायचा. नीट सुकलेला गरा टचकन तुटतो. वाकला, तर आत पाणी आहे. हे त्याला मीच शिकवलं होतं, आणि शिकल्याचा त्याला इतका आनंद झाला होता की येईल त्या माणसाला तो गरा मोडून दाखवायचा.

आणि मग मला मोठं व्हायची घाई झाली.

बंगळूरच्या एका गुंतवणूक कंपनीला मी लिहिलं होतं. व्हेंचर कॅपिटलवाले. नव्या धंद्यात पैसा घालतात, हिस्सा घेतात आणि पाच-सहा वर्षांत तो कितीतरी पटीने विकून बाहेर पडतात. त्यांचा फोन आला की मी नेटवर्कसाठी शेडमागच्या टेकाडावर चढायची आणि धापा टाकत इंग्रजी बोलायची. त्यांच्या अटी मी मामाला समजावून सांगितल्या. धंदा विकायची किंवा बंद करायची वेळ आली तर आधी त्यांचा पैसा निघणार, उरला तर आपला. मामाने नीट ऐकलं. “म्हंजे नाव बुडाय लागली की पयला त्येनी उतरणार,” एवढंच म्हणाला आणि हसला. विरोध केला नाही. तुझी अक्कल तू चालव, म्हणाला. त्यांच्या रीतीला मी वाईट म्हणत नाही. त्यांनी माझ्याशी काहीच खोटं केलं नाही. सगळं आधी सांगितलं होतं.

खोटं मी केलं.

कंपनीची दोन माणसं शेड बघायला यायची होती. तयार माल किती आहे, असं त्यांनी फोनवर विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की भरपूर आहे. का निघालं? शेड तर निम्मी रिकामी होती. मामाच्या पैशावर चालणारं काम बेताबेताने चाललं होतं. थोडा फणस घ्यायचा, नीट सुकवायचा, विकायचा, मग पुढचा. पण त्या माणसांना रिकामी मांडणी दाखवायची म्हणजे माझी काय किंमत राहणार होती? मग मी मामाचा उरलेला सगळा पैसा फणसात घातला. मिळेल तिथून उचलला, टेम्पोमागून टेम्पो. ड्रायरच्या चाळण्यांवर एका थराच्या जागी तीन थर अंथरले. आणि पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी एक गरा उचलून मोडला.

तो वाकला.

मी दुसरा उचलला. तोही वाकला. आता सांगा, मला कळलं नव्हतं असं मी म्हणू शकते का? डिग्री माझी, ड्रायर माझा, मामाला शिकवलेली परीक्षाही माझीच. मी तो गरा तोंडात टाकला, चावून गिळला आणि कामावरच्या बायकांना सांगितलं, पाकिटं भरायला घ्या. संध्याकाळपर्यंत मांडणी छतापर्यंत भरली. त्या संध्याकाळी मामाने येऊ नये म्हणून मी त्याला निरोप धाडला, की साफसफाई चालू आहे, धूळ आहे. तो आला नाही. माझ्या शब्दावर तो कधी शंका घ्यायचाच नाही.

पाहुणे आले, फोटो काढले, खूश झाले. निघताना एकाने दहा पाकिटं विकतही घेतली. पंधरवड्याने त्यांचा नकार आला. आमचा आकार त्यांना लहान वाटला. छतापर्यंत भरलेली शेड त्यांना लहान वाटली! हसू येतं की रडू, ते अजून ठरवता आलेलं नाही.

मधल्या काळात पाऊस लागला, अनमोडच्या बाजूला तारांवर झाड पडलं आणि दोन-तीन दिवस लाईट नव्हती. हे खरं आहे. सगळ्या गावाला माहीत आहे. पण तोवर माल पाकिटांत बंद होऊन झाला होता, लाईट गेल्याने त्याचं काहीच बिघडणार नव्हतं. तो आधीच बिघडलेला होता. मडगावच्या व्यापाऱ्याने सगळा टेम्पो परत पाठवला. पाकिटं उघडली तर आत हिरवी-काळी बुरशी आणि तो आंबूस वास.

मामा आला. त्याच्या नेहमीच्या क्रेटवर बसला, एक पाकीट हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं. ओरडला नाही. ओरडला असता तर कदाचित मीही ओरडले असते, आणि ओरडण्याच्या भरात खरं बाहेर पडलं असतं. असं मी पुष्कळदा स्वतःला सांगते. त्याने एकच प्रश्न विचारला. “सुनंदा, तुझ्याकडनं हयगय झाली काय गं?”

मी म्हटलं, “न्हाई मामा. लाईट गेली.”

झालं. एवढंच. चार शब्द. त्याने मान हलवली, पाकीट खाली ठेवलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि वडिलांना जाऊन सांगितलं, की पोरीला काही बोलू नका, तिचीही मेहनत गेली आहे. ठरल्याप्रमाणे पैसा त्याचा गेला होता. आपल्या बाजूचा शब्द त्याने पाळला.

मग तो पुन्हा टायरवर आला. त्याच दुकानात, ते आता दुसऱ्याचं आहे, तिथे पगारावर. गुडघ्यांखाली पोतं घालून बसतो. मी लोंढ्याला एका बेकरीत नोकरी धरली, आणि सकाळची बस त्या दुकानासमोरच थांबायची. खिडकीतून मला त्याची पाठ दिसायची. मी बसमध्ये जागा बदलून बसून पाहिलं. उपयोग नाही, पलीकडच्या बाजूला बसलं तरी मान वळतेच.

इथे संपलं असतं तर मी एक भित्री बाई म्हणून सुटले असते. पण काही वर्षांनी रामनगरचे दोन व्यापारी आपणहून माझ्याकडे आले. पुन्हा सुरू कर, म्हणाले, आम्ही पैसा घालतो, त्याच रीतीने, फायदा निम्मानिम्म आणि तोटा आमचा. मी विचारलं, माझ्यावर कसा काय भरवसा ठेवता, माझं एकदा बुडालंय. ते म्हणाले, दस्तगीर सांगतो, ती पोरगी खोटं बोलत न्हाई.

तेव्हा बोलायला हवं होतं. मी पैसा घेतला.

धंदा चांगला चालला आहे. माझ्या शेडमध्ये आता एका थराच्या वर दुसरा थर चढत नाही, आणि बायका मला मागून कडक म्हणतात ते मला ठाऊक आहे. पहिला बरा नफा हातात आला तेव्हा मी मामाचा पैसा घेऊन दुकानात गेले. सगळा, जेवढा बुडाला होता तेवढा. वाटलं होतं, हा एकदा त्याच्या हातात पडला की मी मोकळी. काही सांगायलाही नको.

त्याने हात पुसले आणि पिशवीला हात लावला नाही. तोटा माझा होता, तो तू कसा भरणार, असं म्हणाला. भरलास तर ती भागीदारी कुठली, ते तर कर्ज झालं, आणि कर्ज मी दिलंच नव्हतं. मी गळ घातली. भेट समज म्हटलं, भाचीने दिलेलं समज म्हटलं. तो हसून नाही नाही म्हणत राहिला. मग टायरमधला खिळा पक्कडीने ओढता ओढता म्हणाला, “तुझी हयगय असती तर घेतलो असतो की. मग ते माझंच असतं.”

त्याला माहीत होतं का? मी त्या वाक्याचा कीस पाडून पाडून थकले. नाही, बहुधा माहीत नसावं. तो नुसता नियम सांगत होता. पण दार सताड उघडं होतं आणि मी त्याच्यासमोर पैशाची पिशवी छातीशी धरून उभी होते. एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य बोलले तरच तो पैसा घेऊ शकत होता. बाहेर एक ट्रक हॉर्न वाजवत होता. मी पिशवी घेऊन परत आले.

आता माझ्यामागे त्याचा शब्दही अडकला आहे. मी खरं सांगितलं तर माझ्यासाठी जामीन राहिलेला माणूस त्या दोन व्यापाऱ्यांपुढे खोटा पडेल. हे कारण मी रोज स्वतःला देते. ते कारण नाही, हे मला कळतं. वाकलेला गरा हातात असतानाही कळलंच होतं.

तो पैसा मी बँकेत वेगळ्या खात्यात ठेवला आहे. त्यावर व्याज चढतं. जे त्याला कधीच चाललं नसतं तेच त्याच्या नावाने मी जमवते आहे, आणि थांबवायलाही मला जमलेलं नाही.

परवा त्याच्याकडे हवा भरायला गेले होते, माझ्या स्कूटरची. त्याला उठवत नव्हतं, म्हणून पंपाची नळी मीच लावली. त्याने मला गऱ्यांच्या पाकिटाबद्दल विचारलं, मी पर्समधून एक काढून दिलं. त्याने ते फोडलं, एक गरा उचलला, मोडला. टचकन तुटला. दुकानाच्या मालकाला त्याने दोन्ही तुकडे दाखवले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, “हिनंच शिकवलंय मला.”

मी हवेचे पैसे दिले आणि निघाले.