सायन्ससाठी मुकी झाले

तुम्ही हसणार हे ठाऊक असूनही सांगते. मी नाही सांगितलं तर आमच्या गावातलं दुसरं कोणीतरी मीठमसाला लावून सांगेल.

दहावीचा निकाल लागला. काहीही झालं तरी मला सायन्सच घ्यायचं होतं. पण शाळेतले सर सगळ्यांसमोर म्हणाले, "शांत पोरं सायन्समध्ये टिकतात. बडबड्यांनी आर्ट्स घ्यावं." सगळ्या वर्गानं माझ्याकडे पाहिलं. का, ते सांगायला हवं? गोंदियाहून गाडीनं येताना दरेकसा स्टेशन येईपर्यंत माझी अख्ख्या डब्याची खुशाली विचारून झालेली असते.

मग ठरवलं. आजपासून तोंड शिवलं म्हणजे शिवलं.

नेमकी तेव्हाच आमच्या धानाच्या बांधीत रोवणी. दिवसभर चिखलात वाकून भाताची रोपं लावायची, तर बायांचा हात चालतो तो गाण्यांवर आणि गप्पांवर. गप्पांचा मक्ता माझ्याकडे. मी गप्प, तर सगळी रांग गप्प, आणि काम रेंगाळलं.

"काऊन वो, का झालं तुले?" काकीनं विचारलं.

मी नुसती मान हलवली. झालं. संध्याकाळपर्यंत गावभर बातमी, पोरीले बाहेरचं लागलं. आईनं मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. धुरानं जीव घुसमटला, पण मी खोकले तेसुद्धा शांतपणे.

बाबा सकाळी मला घेऊन गोंदियाच्या गाडीत बसले. कॉलेजात नाव घालायला चाललो म्हणून मी मनातून खूश. कॉलेजच्या खिडकीशी जाऊन ते म्हणाले, "मॅडम, आर्ट्स लिहा."

"आर्ट्स? कायले, बाबा?"

"अवं, सायन्सचं नाव निघालं तवापासून तू मुकी होऊन राहिली. मले वाटलं, धसका घेतला पोरीनं. मी तं सायन्सच म्हणून राहिलो होतो. पण पोरीपेक्षा सायन्स मोठं आहे का?"

मला रडूच आलं. आणि मग तोंड जे सुटलं! सर, रोवणी, मिरच्या, आणि सायन्स मिळाल्याशिवाय इथून हलणार नाही, हेही सांगून टाकलं. मागची रांग पुढे सरकायचं विसरून ऐकत होती.

मॅडमनं हात जोडले. "बस, बेटा. साइन्स दिया. बायो लेगी कि मैथ्स?"

आता हा प्रश्न मला आजवर कोणी विचारलाच नव्हता. विचारलाही असेल, मी बोलत असेन. तोंड उघडलं, पण शब्द फुटेना.

बाबांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं.

"दोन्ही लिहा जी, मॅडम," ते म्हणाले. "लवकर लिहा. पोरगी पुन्हा मुकी होऊन राहिली."