दुखरा पाय आधी
सिंदेवाहीच्या बस थांब्यावर त्या बाई रोज दिसायच्या. बाकावर बसून डब्याची पिशवी उजव्या पावलाला अडकवायच्या आणि पाय ताठ करून सावकाश वर उचलायच्या. लोक हसायचे. बाईंचं तिकडे लक्षच नसायचं.

एकदा मी विचारलंच.

"गुडघ्याची वाटी दुखते. मांडी एकीकडून कमजोर झाली, म्हणून वाटी सरकते म्हणे. मांडीत जोर याले हा व्यायाम. पण धानाच्या रोवण्याले मी चिखलातच उतरीन. बांधावर बसून पाहत नाई राहणार."

बस आली. त्यांनी दुखरा पायच आधी पायरीवर ठेवला.

"बाई, चांगला पाय टाका ना!"

"आजवर त्यानंच सारं काम केलं. म्हणून तं हा आळशी झाला."

मी आधाराला हात पुढे केला. त्यांनी माझ्या हातात पिशवी दिली आणि त्या दुखऱ्या पायावरच वर चढल्या.